बॉक्सर लॅरी होम्स खरंच ग्रेट चॅम्पियन होता का, की संपलेल्या अलीला हरवून मोठा झाला?

ग्रेट होता. "संपलेल्या अलीला" हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण हाच टोमणा मी वीस वर्षं घरात ऐकतोय.

गोव्यात म्हापशाला पेडेंच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये बॉक्सिंगची प्रॅक्टिस करायचो तेव्हा वाड्यावरचा एक दादा माझा सीनियर. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, त्यानेच शिकवला, मी त्याचा स्पारिंग पार्टनर (सरावाला समोर उभा राहणारा), त्याची किट बॅगपण मीच उचलायचो. मग तो शिपवर गेला, दोन वर्षांनी सुट्टीवर आला आणि थेट सिलेक्शनला उतरला, वजन कसंबसं बसवलेलं, आणि ड्रॉमध्ये समोर नेमका मी. दुसऱ्या राऊंडलाच त्याचे हात खाली यायला लागले. मी नुसता डावा जॅब मारत राहिलो, उजवा हात उचलवेना, सारखा रेफ्रीकडे बघत होतो की थांबव बाबा आता. शेवटी त्याच्या कॉर्नरमधून टॉवेल आला, म्हणजे हार मान्य. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आणि मामा दर गणेश चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली बसून सगळ्यांदेखत सांगणार, "ह्याने काय केलं, दमलेल्या माणसाला मारलं."

होम्सचं तेच झालं. तोही अलीचा स्पारिंग पार्टनर. 2 ऑक्टोबर 1980, लास वेगास, 38 वर्षांचा अली दोन वर्षांनी परत रिंगमध्ये आलेला, होम्स मारता मारता रेफ्रीकडे बघत होता, दहाव्या राऊंडनंतर अलीचा ट्रेनर अँजेलो डंडीने फाईट थांबवली आणि जिंकलेला होम्स रडला. पण वर्ल्ड चॅम्पियनचा बेल्ट त्याला अलीकडून मिळालाच नव्हता! तो 1978 मध्ये केन नॉर्टनकडून घेतलेला, 15 राऊंड, स्प्लिट डिसिजन (तीनपैकी दोन जजचा कौल). त्यातला शेवटचा राऊंड बघा, दोघांच्या अंगात त्राण नाही तरी हाणतायत. पुढे 20 वेळा टायटल राखलं, सलग 48 फाईट जिंकल्या, 1985 ला मायकल स्पिंक्सकडून हरला नसता तर जुना चॅम्पियन रॉकी मार्सियानोच्या सलग 49 विजयांची बरोबरी झाली असती. एका थकलेल्या माणसाला मारून एवढं होतं?

हां, मधले काही चॅलेंजर हलके होते, आणि स्पिंक्सकडून हरल्यावर मार्सियानोबद्दल तो जे बोलला ते वाईटच, तिथे मी त्याची बाजू घेणार नाही.

तुम्ही स्वतः खेळत असाल तर समोर ओळखीचा आला म्हणून हात ढिला सोडू नका, तोच त्याचा अपमान. दादाने टॉवेल पडल्यावर मला मिठी मारून कानात सांगितलं होतं, "जॅब बरो मारलो रे तुवें." हे मामाला मी कधी बोललो नाही. यंदाच्या चवथीला बोलणार.