वाचकांचे प्रश्न : दोघांची शर्यत आणि धडकेचा वाद

प्रश्न : मी पुण्यात राहतो आणि माझा महाविद्यालयापासूनचा मित्र नोकरीनिमित्त जर्मनीत श्टुटगार्टला असतो. रविवारी आम्ही दोघेच ‘असेत्तो कोर्सा’ या संगणकावरच्या कार-शर्यतीच्या खेळात इटलीतील मोंझाच्या ट्रॅकवर जीटी३ वर्गातल्या शर्यतीच्या गाड्या पळवतो. पहिल्या वळणापाशी ब्रेक लावताना मी त्याला मागून धडकलो, असे तो वारंवार म्हणतो. माझ्या पडद्यावर मात्र दोन गाड्यांमध्ये स्पष्ट फट दिसते. रिप्ले पाहूनही वाद मिटत नाही, कारण त्याच्या रिप्लेत वेगळेच दिसते. खरे कोणाचे? आम्हाला जोडणारा सर्व्हर माझ्या संगणकावर ठेवला तर उपयोग होईल का?

उत्तर : तुम्हा दोघांचेही खरे आहे, आणि हे उत्तर मी भांडण मिटवण्यासाठी देत नाही. इटलीतील कुनोस या संस्थेने २०१४ मध्ये पूर्ण स्वरूपात आणलेल्या या खेळात प्रत्येकाचा संगणक फक्त स्वतःच्या गाडीचे गणित करतो. गाडी कुठे आहे, किती वेगाने आणि कोणत्या दिशेने चालली आहे, हे तो ठरावीक अंतराने सर्व्हरला कळवतो व सर्व्हर ती माहिती समोरच्याला पाठवतो. सर्व्हरच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये हे कळवणे सेकंदाला १८ वेळा होते. ताशी २५० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी दोन निरोपांच्या मध्ये जवळजवळ चार मीटर पुढे गेलेली असते, म्हणून मधल्या काळात ती कुठे असेल याचा अंदाज तुमचा संगणक आपल्या मनाने बांधतो. त्यात पुणे ते जर्मनी या वाटेची भर पडते. समुद्राखालच्या बहुतेक केबल तांबडा समुद्र आणि इजिप्त ओलांडून युरोपात जातात आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर एवढेच अंतर कापतो. हा उशीर कोणत्याही इंटरनेट प्लॅनने पूर्णपणे टळणार नाही.

सरळ रस्त्यावर हा अंदाज फारसा चुकत नाही, कारण वेग हळूहळू बदलतो. गोंधळ होतो तो ब्रेक दाबल्याच्या क्षणी. समजा, निरोप पोहोचायला एकूण दीडशे मिलिसेकंद लागतात आणि दोघांनी एकाच वेळी ब्रेक दाबला. मित्राने ब्रेक लावल्याचे तुमच्या संगणकाला तेवढा वेळ कळत नाही, म्हणून त्याची गाडी तुमच्या पडद्यावर आहे त्याहून वीतभर पुढे दिसते आणि तुम्हाला फट मोठी वाटते. तुमचा ब्रेकही त्याच्याकडे तितक्याच उशिराने पोहोचतो, म्हणून त्याच्या पडद्यावर तुमची गाडी वीतभर जास्त पुढे, म्हणजे त्याच्या बंपरला खेटून दिसते. या दोन्ही चुकांची बेरीज होते आणि तुमच्या व त्याच्या चित्रात फूटभराहून अधिक तफावत पडते. तुमच्या रिप्लेत धडक न दिसणे आणि त्याच्या रिप्लेत ती दिसणे, हे दोन्ही म्हणूनच प्रामाणिक पुरावे आहेत.

सर्व्हर कोणाच्या घरी ठेवावा, हा प्रश्न वाटतो तेवढा महत्त्वाचा नाही. निरोप तुमच्याकडून सर्व्हरकडे आणि तेथून मित्राकडे जातो. सर्व्हर तुमच्या वाटेवर कुठेही असला तरी एकूण अंतर तेवढेच राहते. तो वाटेबाहेर, उदाहरणार्थ अमेरिकेत, भाड्याने घेतला तर मात्र निष्कारण वळसा पडेल. वायफायऐवजी लॅन केबल लावणे अधिक फायद्याचे आहे, कारण उशीर मोठा असला तरी तो एकसारखा असेल तर अंदाज बरा लागतो. कधी शंभर तर कधी तीनशे मिलिसेकंद असे हेलकावे घेणारा उशीर गाडीला पडद्यावर उड्या मारायला लावतो. बाकी उपाय साधा आहे : ब्रेक लावण्याच्या टप्प्यावर मागच्याने निदान अर्ध्या गाडीइतके अंतर जास्त ठेवावे किंवा आधीच बाजूच्या रेषेत यावे. मोंझाची सुरुवातीची सरळ वाट किलोमीटरभराहून लांब आहे आणि पुढच्या गाडीच्या मागच्या विरळ हवेत मिळणारा वेग बाजूला येण्यास पुरेसा असतो. प्रत्यक्षातील शर्यतीत बंपरला बंपर लावून ब्रेक लावणारे चालक असतात, पण त्यांच्या दोन गाड्यांमध्ये समुद्र नसतो.

प्रश्न : दोघांच्याच मैत्रीच्या शर्यतीत नियम कशाला, असे माझा मावसभाऊ म्हणतो. सरळ रस्त्यावर तो माझ्या पुढे गाडी डावी-उजवीकडे फिरवत वाट अडवतो आणि वळणात मी आत शिरलो की ‘दार लावतो’, म्हणजे गाडी आत घालून माझी वाट बंद करतो. हे चालते का?

उत्तर : चालत नाही, आणि मैत्रीची शर्यत असल्यामुळे तर मुळीच चालू नये, कारण येथे तक्रार ऐकायला पंच नसतो. फॉर्म्युला वनचा नियम असा आहे की जागा राखण्यासाठी पुढच्या चालकाला एकदाच दिशा बदलता येते, आणि बचावासाठी बाजूला गेलेली गाडी वळणाच्या तोंडाशी मूळ रेषेवर, म्हणजे वळण घेण्याच्या नेहमीच्या जलद मार्गावर, परत येताना ट्रॅकच्या कडेला किमान एका गाडीची रुंदी मोकळी सोडते. एवढे दोन नियम मावसभावाने मान्य केले तरी तुमचा निम्मा त्रास संपेल. वळणात कोणाचा हक्क, हे मात्र दोघांनी शर्यतीआधी ठरवून घ्यावे. माझ्या मते, गाडी आत वळवण्याच्या क्षणी मागच्याचे पुढचे चाक पुढच्याच्या दारापर्यंत पोहोचले असेल तर जागा सोडावी, अन्यथा मागच्याने माघार घ्यावी. ब्रेक उशिरा लावून ऐन वळणात घुसणाऱ्याला हा हक्क नाही. या बाबतीत तुम्हीही स्वतःचे रिप्ले एकदा तपासून पाहा.

झुंज म्हणजे धसमुसळेपणा, असे मावसभावाचे म्हणणे असेल तर त्याला १ जुलै १९७९ रोजीची दिजों येथील फ्रेंच ग्रां प्री ही फॉर्म्युला वनची शर्यत दाखवा. रेनो संघाचे झां-पिएर जाबूय पहिले आले. टर्बो इंजिनाच्या गाडीने फॉर्म्युला वनमध्ये मिळवलेला तो पहिला विजय. तरीही लोकांच्या लक्षात राहिली ती दुसऱ्या क्रमांकासाठीची लढत. शेवटच्या फेऱ्यांत फेरारीचे झिल व्हिलनव्ह आणि रेनोचे रेने आर्नू चाकाला चाक घासत, ट्रॅकच्या बाहेर जात आणि परत येत लढले आणि अखेर व्हिलनव्ह दुसरे आले. चाके घासली, पण समोरच्याला संपवण्यासाठी कोणी गाडी घातली नाही; संधी असतानाही दोघांनी एकमेकांना उभे राहण्यापुरती जागा ठेवली. तुमच्या मावसभावाच्या खेळात नेमकी हीच जागा नाही. इंटरनेटवर मात्र चाके घासण्याचे अनुकरण करू नका. कारण वरच्या उत्तरात आले आहे.

प्रश्न : माझा मोठा भाऊ स्टिअरिंग व्हील आणि पेडल घेऊन खेळतो, मी नागपूरहून गेमपॅडवर. तो फेरीला दोन सेकंद जलद आहे, त्यामुळे दुसऱ्याच फेरीत तो दिसेनासा होतो. तो मुद्दाम हळू चालवतो, ते मला आवडत नाही. चुरस कशी आणावी?

उत्तर : दादाने हळू चालवणे तुम्हाला आवडत नाही, हे योग्यच आहे. त्याला पूर्ण जोर लावू द्या आणि ओझे त्याच्या गाडीवर ठेवा. असेत्तो कोर्साच्या सर्व्हरवर खेळाडूंच्या यादीत प्रत्येक गाडीला जादा वजन देण्याची आणि इंजिनाची ताकद कमी करण्याची सोय आहे. थोड्या वजनापासून सुरुवात करून अंतर अर्ध्या सेकंदावर येईपर्यंत वाढवा, पण अगदी बरोबरीला आणू नका. थोडे पाठलागाचे काम शिल्लक असू द्या. त्याच सर्व्हरवर दुसरी शर्यत उलट्या क्रमाने सुरू करता येते. पहिल्या शर्यतीत हरलेली व्यक्ती दुसरीत पुढे उभी राहते, आणि पुढे राहून बचाव कसा करायचा, हे शिकण्याची तुमची एरवी न येणारी वेळ येते.

गाडी आणि ट्रॅक बदलूनही फरक पडतो. ताकदवान गाडीत सफाईदार पेडलचा लाभ मोठा. माझदा एमएक्स-५ कपसारख्या कमी ताकदीच्या गाडीत चुकीची शिक्षा लहान आणि मागून हवेचा आधार घेत चिकटून राहणे सोपे. इंग्लंडमधील ब्रँड्स हॅचची इंडी नावाची आखूड वाट दोन किलोमीटरांहूनही कमी आहे; तेथे फेरी लवकर संपत असल्याने सेकंदांचा फरकही लहान होतो. उतरणीवरचे पॅडॉक हिल वळण आणि त्यानंतर चढावरचे ड्रुइड्स, या दोन ठिकाणी चुकलेला चालक लगेच हाती लागतो.

गेमपॅडवरून पुढे जायचे ठरवलेत तर आधी पैसे स्टिअरिंगवर घालू नका. वेळ मिळतो तो ब्रेकच्या पेडलवर. साध्या पेडलमध्ये पाय किती खाली गेला हे मोजले जाते, तर लोड सेल असलेल्या पेडलमध्ये पायाचा दाब मोजला जातो, आणि दाब पायाच्या लक्षात राहतो. दादाची दोन सेकंदे नेमकी कुठून येतात हे पाहायचे असेल, तर त्याचा रिप्ले, पेडल किती दाबले आहे हे दाखवणाऱ्या पट्ट्या पडद्यावर ठेवून चालवा : वळणात शिरताना तो ब्रेक एकदम सोडत नसून हळूहळू उचलतो, हे बहुधा दिसेल.