वडील वीस वर्षं रोज दारू पितात, घरात कोंडून एकदम बंद केली तर चालेल का?

नाही, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं. दारू मेंदूला मंदावते, म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू स्वतःला सतत चेतवत राहतो. दारू अचानक थांबली तरी ते चेतवणं चालूच राहतं. ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या दिवसाच्या आसपास भास, ताप, घरच्यांना न ओळखणं. मी मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात नर्स आहे. असे पेशंट वॉर्डात नेहमी येतात. घरच्यांना ते नाटक वाटतं नाहीतर बाहेरची बाधा, आणि त्यातच वेळ जातो. केईएम, नायर किंवा सायनच्या मानसोपचार ओपीडीत सकाळीच न्या. रोज किती पितात, शेवटचा पेग कधी घेतला, आधी फिट आली होती का, हे खरं सांगा, लाज नको. औषधांबरोबर बी-१ जीवनसत्त्वही देतात, ते फार महत्त्वाचं. अर्थात सगळ्यांनाच इतका त्रास होत नाही. पिणं कमी असेल, आधी फिट आलेली नसेल आणि घरी लक्ष द्यायला कुणी असेल, तर डॉक्टर घरीच गोळ्यांवर उपचार करतात.