सुभेदार आजोबांचे नाव आणि मृत्यूचे कारण

आपले आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत सुभेदार होते, ब्रह्मदेशच्या आघाडीवरून क्षय घेऊन परतले, १९४६ साली सेवामुक्त झाले आणि जून १९४७ मध्ये गावी वारले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांत मरण पावलेल्या राष्ट्रकुल देशांच्या सैनिकांची स्मृती जपणाऱ्या आयोगाच्या, नोंदीत त्यांचे नाव यावे म्हणून केलेला अर्ज पुराव्याअभावी परत आला, तेव्हा न्यायालयात जावे का, असे आपण विचारता. घरी येऊन मरण पावलेल्या सैनिकांच्या नातवंडांची अशी पत्रे मला वारंवार येतात. न्यायालयात जाऊ नका. १९१७ च्या राजसनदेने स्थापन झालेल्या, अनेक देशांच्या या संस्थेवर आपल्या उच्च न्यायालयाचा आदेश चालतो की नाही, याच वादात आपली उमेद आणि वर्षे संपतील.

सारा निर्णय एका अटीवर आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी आयोगाची मुदत ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ आहे. या काळात सेवेत असताना मृत्यू आला असेल, तर कारण विचारले जात नाही. सेवामुक्तीनंतर आला असेल, तर तो युद्धसेवेमुळेच आला हे दाखवावे लागते. आजोबा मुदतीत बसतात, अडते ते फक्त कारण. आणि तेथेच आपण वारसनोंदीच्या वेळचे प्रतिज्ञापत्र जोडलेत, ज्यात एक्केचाळिसाव्या वर्षी वारलेल्या माणसाचे निधन ‘वृद्धापकाळाने’ झाल्याचे शपथेवर लिहिले आहे! अर्जनवीसाने नेहमीचा मजकूर उतरवला असेल. पण सही करण्यापूर्वी तो वाचणे आपले काम होते. आता ते विधान लपवू नका. चूक कशी झाली हे स्पष्ट सांगणारे नवे प्रतिज्ञापत्र करा, मात्र ते पुराव्याच्या जोडीला द्या, पुराव्याऐवजी नव्हे.

मृत्यूच्या दाखल्यामागे धावूनही उपयोग नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ नुसार मृत्यूच्या उताऱ्यात कारण उघड करता येत नाही. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून त्या काळच्या कोतवाल बुकातील, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंच्या वहीतील (गाव नमुना १४), नोंदीची प्रमाणित प्रत मागा. त्यात कारणाचा रकाना सहसा असतो, आणि १९६९ पूर्वीच्या त्या वहीला कलम १७ चे बंधन नाही, असे माझे मत आहे. कार्यालयाने वेगळी भूमिका घेतल्यास नकार लेखी घ्या.

याहून मोलाची गोष्ट आपण पत्राच्या शेवटी ओझरती लिहिली आहे : आजींना अखेरपर्यंत लष्कराची पेन्शन मिळत होती. ती केव्हा सुरू झाली? सामान्य कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना १ जानेवारी १९६४ पासूनची आहे. पेन्शन त्याआधीची असेल, तर पतीचा मृत्यू लष्करी सेवेमुळे झाला हे सरकारने मान्य करूनच ती मंजूर केली असण्याची शक्यता मोठी आहे, आणि १९४७ च्या सुमाराची तशी मान्यता हाती आली, तर आज कोणत्याही डॉक्टरचे मत मागण्याची गरज बहुधा उरणार नाही. पेन्शनचा आदेश, बँकेचे किंवा कोषागाराचे जुने पुस्तक, मनीऑर्डरची पावती, जे सापडेल ते जपा. त्याच वेळी बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री अभिलेख कार्यालयाकडे माहिती अधिकाराखाली सेवापत्रक, सेवामुक्तीचे कारण आणि वैद्यकीय मंडळाचे कागद मागा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पुढील तीस दिवसांत प्रथम अपील करा. ही मुदत चुकवू नका, कारण आधीच फार वेळ दवडला गेला आहे. इतकी जुनी कागदपत्रे शिल्लक असतीलच, याची हमी मी देत नाही.

नाव मान्य झाले तर ते कोणत्या स्मारकावर लागेल, हे आयोग ठरवील. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाकडे मात्र अर्ज करू नका. तेथील नावे स्वातंत्र्योत्तर काळातील आहेत. नव्या अर्जासोबत सेवामुक्तीचे मूळ पुस्तक पाठवू नका, प्रमाणित प्रती पाठवा आणि पोचपावती फायलीत लावा.