चितळाला ‘ठिपकेदार हरीण’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे : ‘मुलीच्या पुस्तकात एका चित्राखाली “ठिपकेदार हरीण” असं छापलंय. आजोबा म्हणतात, हे तर चितळ. आणि काळवीट म्हणजे हरणाचा नर, असं आम्ही शाळेत शिकलो. मग चितळाच्या नराला काळवीट म्हणायचं का?’

आजोबांचं बरोबर आहे. ‘ठिपकेदार हरीण’ चूक नाही, पण ते इंग्रजी नावावरून बेतलेलं आहे आणि त्याची गरज मुळीच नाही. ठिपके ‘चितळ’ या नावातच आहेत. संस्कृत ‘चित्रल’ म्हणजे चित्रविचित्र, ठिपक्याठिपक्यांचा. प्राकृतात त्याचं ‘चित्तल’ झालं आणि मराठीत चितळ. ल चा ळ करणं ही आपली जुनी खोड : फल-फळ, काल-काळ. हिंदीनं ल तसाच ठेवला, म्हणून तिकडे चीतल. ‘चित्रक’वरून आलेला चित्ता हा चितळाचा नावापुरता सख्खा चुलतभाऊ, खाणारा आणि खाल्ला जाणारा एकाच घराण्यातले!

संस्कृतात याला आणखी एक सुंदर शब्द आहे, पृषत. त्याचा दुसरा अर्थ थेंब. आणि वाल्मीकि रामायणात रावण मारीचाला सोन्याचा मृग व्हायला सांगतो तेव्हा शब्द येतात ‘चित्रो रजतबिन्दुभिः’, चंदेरी ठिपक्यांनी नटलेला. सोनं बाजूला ठेवलं तर मला तरी ते चितळच दिसतं.

चितळ जवळून पाहिलंत तर पाठीच्या मधोमध काळपट पट्टा, गळा पांढरा आणि पोटाकडचे ठिपके असे ओळीत की लांबून रेघाच वाटाव्यात. युरोपातल्या तांबड्या हरणाचं पाडसही ठिपक्यांचं असतं, पण मोठेपणी त्याचे ठिपके जातात. चितळाचे जन्मभर राहतात, नराचेही आणि मादीचेही. म्हणून हे नाव त्याला पक्कं शोभतं.

आता काळवीट. हा घोळ शाळेतल्या नर-मादीच्या जोड्यांनी घातला. काळवीट ही वेगळीच जात. तिच्यातला नर वयात आला की पाठीवर काळा होतो, मादी बदामीच राहते. नाव पडलं नरावरून. मराठीत ‘हरीण’ या एका शब्दात आपण दोन कुळं कोंबली आहेत. चितळ, सांबर, भेकर एका कुळातले. काळवीट, चिंकारा, चौशिंगा दुसऱ्या, गाईबैलांच्या कुळातले. ओळखायचं शिंगांवरून. काळविटाचं शिंग पिळाचं, बिनफांद्यांचं आणि मरेपर्यंत टिकणारं. चितळाच्या नराची शिंगं दरवर्षी झडतात. नवी फुटतात ती मखमली कातडीत गुंडाळलेली. पुढे ती कातडी झाडाला घासून तो उतरवतो. पूर्ण वाढलेल्या शिंगाला सहसा तीन टोकं. मादीला शिंगं नाहीतच.

एका अभयारण्याच्या माहिती केंद्रात टेबलावर झडलेलं शिंग ठेवलं होतं. एका टोकाला बारीक, समांतर खाचा. कुणी तरी कानस फिरवलीय, असं मला वाटलं. तिथला वनरक्षक हसला, ‘साळिंदराचे दात, साहेब.’ शिंगातल्या चुन्यासाठी, म्हणजे कॅल्शियमसाठी, साळिंदर ही शिंगं कुरतडतं. शिंगाला मराठीत एकच शब्द आहे, झडणाऱ्या आणि न झडणाऱ्या शिंगाला वेगवेगळे नाहीत, हे मला त्या दिवशी जरा खटकलं. त्यातल्या त्यात ‘झडशिंग’ म्हणून पाहिलं. घरी कुणालाच आवडलं नाही.

राहिला वापराचा मुद्दा. चितळ नपुंसकलिंगी : ते चितळ, ती चितळं, चितळाचा कळप. ‘तो चितळ’ हिंदीच्या वळणाचं वाटतं. नराला नुसतं ‘चितळाचा नर’, मादीला ‘चितळाची मादी’ आणि पिल्लाला पाडस. पुस्तकातल्या त्या चित्रात शिंगं असतील आणि त्यांना फांद्या असतील, तर मुलीला सांगा, हा चितळाचा नर.