जुना अ‍ॅस्परॅगस नव्या घरी नेताना

घर बदलताना अ‍ॅस्परॅगसची (कोवळे कोंब खातात ती भाजी) सहा वर्षांची जुनी झाडं उपटून सोबत नेता येतात का? काम कष्टाचं आहे, पण जमतं. न्यू जर्सीत घर बदललं तेव्हा मी आठ गड्डे (मुळांसकट बुंधे) नेले, त्यातले सहा जगले, आणि जे दोन गेले ते माझ्याच घाईने.

सगळ्यात आधी वेळ सांभाळा. झाड झोपलेलं असतानाच हलवायचं, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये कोंब वर यायच्या आत, नाहीतर मग थंडीच्या तोंडावर पाला पूर्ण पिवळा पडल्यावर. भर जुलैत हिरवं झाड उपटू नका प्लीज.

आपल्या शतावरीचाच भाऊबंद हा, मुळं तशीच जाड आणि मांसल, फक्त आडवी लांबवर पसरतात, त्यामुळे बुंध्याला चिकटून फावडं घातलं की निम्मी मुळं तिथेच तुटतात (माझे दोन असेच गेले). फूटभर लांबून, चारी बाजूंनी, बागकामाच्या दातेरी फोर्कने हळूहळू उचला. थोडी तुटणारच, टेन्शन घेऊ नका.

नव्या जागी:
- ६ ते ८ इंच खोल चर, भरपूर ऊन, पाणी साचायला नको
- दोन गड्ड्यांत दीड फूट
- मुळं वाटेत सुकू द्यायची नाहीत, ओल्या गोणपाटात गुंडाळा

आणि पहिल्या वर्षी एकही कोंब तोडायचा नाही! मोह होतो, मला माहितीये, पण पाला वाढू दे, त्यावरच मुळं पोसतात. दुसऱ्या वर्षी थोडे दिवस, अगदी हात आखडून. खतांचं नंतर बघू, आत्ता नुसतं कंपोस्ट पुरे.