आयरिश पबमधल्या संगीताच्या सेशनला अनोळखी माणसाने जावं का? गेल्यावर कसं वागावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कामानिमित्त काही महिने डब्लिनला येताय. पबमध्ये पारंपरिक आयरिश संगीताची सेशन्स होतात असं ऐकलंय. पण दारू पीत नाही, त्या संगीतातलं काही कळत नाही, इथे ओळखीचं कोणी नाही. बासरी मात्र थोडीफार येते. तर जावं का, आणि जमलं तर सोबत वाजवता येईल का?

जावं, आणि बिनधास्त जावं. मी डब्लिनला राहतो. वाजवत काही नाही, नुसता ऐकायला जातो, आणि "हा इथे कसा?" असा चेहरा आजवर कोणी केलेला नाही. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करून घ्या: ही मंडळी तुमच्यासाठी वाजवत नसतात. ती एकमेकांसाठी वाजवतात. पबच्या एका कोपऱ्यात टेबलाभोवती पाच-सात जण गोल करून बसलेले असतात आणि त्यातल्या निम्म्यांची पाठ तुमच्याकडे असते. स्टेज नाही, तिकीट नाही, निवेदक नाही, बहुतेक ठिकाणी माइकही नाही. सेशन हमखास व्हावं म्हणून पबवाला एका-दोघांना मानधन देतो, बाकीचे हौसेने येतात. दोन-तीन मिनिटांचे तुकडे सलग जोडून वाजवायचे (याला सेट म्हणतात), मग दहा मिनिटं गप्पा. त्या गप्पांना मध्यंतर समजू नका. निम्मे लोक त्यासाठीच आलेले असतात.

माझे सासरे सांगलीकडचे, गावच्या भजनात पखवाज धरणारे. ते आले होते तेव्हा त्यांना एका सेशनला घेऊन गेलो. अर्धा तास चहाच्या कपावर बोटाने ठेका धरून बसले आणि मग म्हणाले, "हे आपल्या भजनासारखंच हाय की. फक्त मधी देव न्हाई." मला इतक्या वर्षांत इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं. देवळात भजन चालू असताना कोणीही येऊन खांबाला टेकून बसतो, त्याला कोणी प्रेक्षक म्हणत नाही, आणि टाळ मागितल्याशिवाय तोही टाळाला हात लावत नाही. तुम्ही तसंच बसायचं.

कुठे जावं, यावर माझं मत जरा कडक आहे. टेम्पल बार भागात संध्याकाळी फेरी जरूर मारा, पण तिथे मोठ्या आवाजात गिटारवर चालतं ते बहुतेक पर्यटकांसाठीचं गाणं-बजावणं असतं. ते वाईट नसतं, पण तुम्ही विचारताय ते हे नव्हे. डब्लिनमध्ये सुरुवात स्मिथफील्डच्या कॉबलस्टोनपासून करा. 'संगीताची खोड असलेला पब' अशी तो स्वतःची थट्टा करतो. २०२१ मध्ये त्या जागेभोवती हॉटेल उभारायचा प्रस्ताव आला, तेव्हा वादक आणि ऐकणारे वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले, आणि महापालिकेने परवानगी नाकारली. मेरियन रोवरचं ओडोनोह्यूज हेही जुनं ठिकाण. १९६२ च्या सुमाराला डब्लिनर्स हा गट तिथूनच पुढे आला. गर्दी असते, पण इतिहासाची हौस असेल तर डोकावा.

सवड काढून पश्चिमेला गेलात तर गॉलवेचं टिग कोली किंवा क्रेन बार, वेस्टपोर्टला चीफटन्स या नावाजलेल्या आयरिश गटातले बासरीवादक मॅट मलॉय यांचा पब, आणि क्लेअर परगण्यातलं डूलिन. डूलिन उन्हाळ्यात पर्यटकांनी भरून वाहतं, म्हणून शक्यतो ऑक्टोबरनंतर जा. आणि जुलैच्या सुरुवातीला इथे असाल तर क्लेअरमधलंच मिलटाउन मॉल्बे चुकवू नका. विली क्लॅन्सी हा पाइप्सवादक (पाइप्स म्हणजे आयरिश बॅगपाइप) १९७३ मध्ये गेला, त्याच वर्षीपासून त्याच्या नावाने तिथे आठवडाभराची शाळा भरते. दिवसा वर्ग आणि संध्याकाळी पबांमध्ये सेशन्स. कुठे कोणत्या वारी सेशन असतं हे 'द सेशन' नावाच्या संकेतस्थळावर मिळतं, तरी निघण्याआधी पबला फोन करून खात्री करा. रात्री नऊ म्हटलं की साडेनऊ धरायचे. या बाबतीत आपल्याला काही शिकवावं लागत नाही.

आता तुमच्या 'परकेपणा'बद्दल. पबमधलं सेशन ही शेकडो वर्षांची प्रथा असेल असं इथे आलेल्या प्रत्येकाला वाटतं, कारण पबच्या भिंतीच तशा दिसतात. सुरावटी जुन्या आहेत, पण पबमध्ये बसून त्या अशा वाजवणं तसं अलीकडचं. पूर्वी हे संगीत नाचासाठी होतं. कोणाच्या तरी स्वयंपाकघरात नाहीतर चार रस्ते मिळतात तिथे लोक नाचायचे, आणि एखाददुसरा वादक त्यांना वाजवून द्यायचा. १९३५ मध्ये सार्वजनिक नाचाला परवाना लागेल असा कायदा झाला. पाद्री आणि पोलिसांनी तो घरगुती नाचांवरही चालवला आणि त्या नाचांना उतरती कळा लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो आयरिश माणसं मजुरीला लंडनला गेली. भाड्याच्या खोलीत फिडल (म्हणजे व्हायोलिनच) वाजवायची सोय नव्हती, म्हणून कॅम्डन टाउन, केंटिश टाउनच्या पबांत ती जमू लागली. आज आपण बघतो ते सेशन बऱ्याच अंशी तिथे घडलं. १९५१ मध्ये मलिंगारला पहिलं राष्ट्रीय संगीत संमेलन भरलं, साठच्या दशकात लोकगीतांची लाट आली, आणि ही पद्धत मायदेशी रुजली. त्याही आधी शिकागोचा पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील याने गावोगावच्या स्थलांतरितांकडून सुरावटी गोळा करून १९०३ मध्ये १,८५० सुरावटींचा संग्रह छापला होता. स्लायगोच्या मायकेल कोलमनने १९२०च्या दशकात न्यूयॉर्कला केलेल्या रेकॉर्ड्‌स आयर्लंडमध्ये परत आल्या आणि इथल्या फिडलवाल्यांचा हातच बदलून गेला. म्हणजे घर सोडून गेलेल्या लोकांनी या परंपरेचा मोठा भाग सांभाळलाय. परदेशात एकट्या आलेल्या माणसाकडे या टेबलावर कोणी तिरकं बघत नाही, त्यामागे हेही असावं, असं मला आपलं वाटतं.

संगीत कळण्याची चिंता सोडा, कारण हिंदुस्तानी कान असलेल्याला हे उलट लवकर कळतं. सगळे जण एकच सुरावट एकत्र वाजवतात. गिटार आणि बुझुकी (लांब मानेचं तंतुवाद्य) साथीला असतात, पण ती साठ-सत्तरच्या दशकात आलेली पाहुणी मंडळी. सुरावटीचे दोन भाग असतात, दुसरा सहसा वरच्या सुरांत जातो, थेट स्थायी-अंतरा. प्रत्येक भाग दोनदा, असं अख्खं आवर्तन दोन-तीन वेळा, आणि मग न थांबता पुढची सुरावट. हा सांधा कुठे बदलतो ते पकडायला शिका, खरी गंमत तिथे आहे. म्होरक्या नुसती भुवई उचलतो किंवा "हप्" म्हणतो आणि अख्खं टेबल एका क्षणात दुसऱ्या सुरावर उडी मारतं. जिग म्हणजे सहाची चाल, दादऱ्यासारखी तीन-तीन. रील चारची, धावती. स्लिप जिग नऊची. कॉर्क आणि केरी परगण्यांच्या सीमेवरचे वादक बसले असतील तर पोल्का, म्हणजे दोनच्या चालीतल्या नाचाच्या सुरावटी, ऐकायला मिळतील. बऱ्याच सुरावटींत कोमल निषाद किंवा कोमल गंधार-निषाद लागतात, म्हणून खमाज किंवा काफीचा भास होईल. फक्त आलाप-तानांची वाट पाहू नका. विस्तार करायचा नसतो. कण-मुरकीएवढ्या बारीक जागा प्रत्येक जण आपापल्या परीने घेतो, त्यावरून जाणकार वादकाचं गावसुद्धा ओळखतात.

वागण्याचं म्हणाल तर टेबलाजवळची रिकामी खुर्ची बसायला रिकामी नसते. ती उशिरा येणाऱ्या वादकाची असते. अगदीच दाटी असेल तर विचारून बसा. फर्माईश करू नका. टाळ्यांचा ठेका तर अजिबात धरू नका, गर्दीच्या टाळ्या अर्ध्या मात्रेने मागे पडतात आणि वादकांना तो खरंच त्रास होतो. सेट संपल्यावर वाजवलेल्या टाळ्या चालतात. व्हिडिओ काढायचा तर आधी खुणेने विचारा, आणि फ्लॅश नको. वादकांशी बोलायचं असेल तर गप्पांच्या वेळी बोला. "कुठून आलात?" हे बहुतेकदा तेच आधी विचारतील.

दारूचं म्हणाल तर कोणी ढुंकूनही विचारत नाही. काउंटरवर जाऊन स्वतः मागायचं, तिथेच पैसे द्यायचे. सोडा-लाइम, बिनअल्कोहोलची गिनेस बिअर, कुठे कुठे चहाही मिळतो. फक्त एक ग्लास घेऊन तीन तास बसू नका, पबवाल्याचंही पोट त्यावर आहे. संध्याकाळ आवडली तर बारमनला सांगून वादकांसाठी एखादी फेरी पाठवली तर ती आनंदाने स्वीकारली जाते. पुढे कधी कुटुंब आलं आणि सोबत लहान मुलं असली, तर मे ते सप्टेंबर रात्री दहापर्यंत आणि एरवी नऊपर्यंतच त्यांना आत थांबता येतं.

मधेच कोणी तरी डोळे मिटून, कसलीही साथ न घेता गायला लागेल, बहुधा आयरिश भाषेत. त्याला शॅन-नोस म्हणतात. त्या वेळी बारमन ग्लाससुद्धा हळू ठेवतो, तेव्हा तुम्ही बोलणं तर थांबवाच, खुर्चीही सरकवू नका. गाणं झालं की काही ठिकाणी गाणाऱ्याला मान असतो, पुढे कोणी गावं हे त्याने सांगायचं. त्याची नजर तुमच्यावर पडू शकते! "नाही हो, मला नाही येत" असं आपल्याकडच्यासारखं चारदा म्हणवून घेण्याची इथे पद्धत नाही. जमत असेल तर लगेच गा, नसेल तर हसून एकदाच नाही म्हणा. मी तर म्हणेन, एखादा अभंग किंवा आजीकडून ऐकलेल्या दोन-चार ओव्या तयार ठेवा. तीन कडव्यांपेक्षा जास्त नको. अर्थ एका वाक्यात सांगा आणि साथीशिवाय गा. सिनेमातलं गाणं मोबाइलवर ट्रॅक लावून म्हणण्यापेक्षा ते इथे शंभर पटींनी जास्त आवडतं.

राहिली बासरी. इथे तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. सेशनमधल्या बहुतेक सुरावटी डी आणि जी या पट्ट्यांत असतात, म्हणजे आपली पांढरी दोन आणि पांढरी पाच. तुमच्याकडे पांढरी पाचची मध्यम लांबीची बासरी असेल, तर सहाही भोकं बंद केल्यावर तिचा मंद्र पंचम वाजतो, आणि तो डी असतो. आयरिश लाकडी फ्लूटचा सगळ्यात खालचा सूरही तोच, आणि तिथून वर बोटांची चालही जवळपास तीच. फरक मनाचा आहे: जीमधली सुरावट तुमच्या नेहमीच्या षड्जावर बसेल, डीमधली वाजवताना मात्र मंद्र पंचमालाच सा मानून चालावं लागेल. आठवडाभर अवघड जातं, मग हात बसतो. तेही नको असेल तर दहा-पंधरा युरोत डीची टिन व्हिसल (पत्र्याची छोटी, उभी धरायची बासरी) मिळते, तिच्यावर बोटं तशीच पडतात, फक्त सूर एक सप्तक वर.

तरी पहिल्या वेळी बासरी घरीच ठेवा. आधी ऐका. कोणत्या सुरावटी पुन्हा पुन्हा येतात ते बघा, त्यातल्या चार-पाच घरी कानाने बसवा. नोटेशन समोर ठेवून वाजवणारा टेबलावर दिसत नाही. मग नवशिक्यांसाठीची संथ सेशन्स असतात, तिथून सुरुवात करा. मोठ्या सेशनला न्यायची वेळ आली की म्होरक्याला विचारा आणि येतं तेवढंच वाजवा. येत नसलेल्या सुरावटीत चाचपडत सूर लावणं हा इथला सगळ्यात मोठा अपराध, आणि रागावर आधारित सुंदरसा आलाप मधे घुसवणं हा दुसरा.

तबला आणू का असं विचारणारा मित्र बरोबर असेल तर त्याला थोडं आवरा. बोकडाच्या कातड्याचं बाउरान नावाचं डफासारखं वाद्य आधीच तिथे असतं, एका वेळी एकच पुरे असा अलिखित नियम आहे, आणि त्या बिचाऱ्याचीही वादकांत कायम टिंगल चालते. बाउरान वाजवायला सगळ्यात चांगलं काय, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: पेनचाकू.