फुलदाणी नव्हे, बोळके

प्रश्न असा आहे : इजिप्तमधील नकादा येथील एका लहानशा मातीच्या भांड्याचे वर्णन मराठीत करायचे आहे. भांडे वीतभरही उंच नाही, पोट फुगीर, तोंड अरुंद, खांद्याशी आरपार भोके असलेले दोन कान, आणि अंगावर तांबूस रंगात नावा व पाणपक्षी काढलेले. इंग्रजीत त्याला ‘व्हाज’ म्हटले आहे. तेव्हा ‘नक्षीदार फुलदाणी’ हे भाषांतर चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. ‘अत्तरदाणी’, ‘पिकदाणी’ या शब्दांप्रमाणेच ‘फुलदाणी’तला ‘दाणी’ हा फारसीतून आलेला प्रत्यय भांड्यात काय असते ते सांगतो, त्याचा आकार सांगत नाही. पुरातत्त्वातील ‘व्हाज’ मात्र केवळ आकाराला उद्देशून येतो. इ.स.पू. 3500 ते 3200 च्या सुमारास मृतांबरोबर पुरलेल्या भांड्याला फुलदाणी म्हटले, तर त्यात फुले ठेवत असत असे विधान आपण नकळत करून बसतो. ‘सुरई’ला लांब मान लागते, ‘गाडगे’ रुंद तोंडाचे असते, ‘कुपी’ म्हणताच काच आणि अत्तर आठवते, आणि ‘घट’ किंवा ‘कुंभ’ या आकाराला फारच भारदस्त होतात.

मी ‘बोळके’ सुचवीन. दिवाळीत पणत्यांच्या शेजारी विकायला ठेवलेली बोळकी ज्याने पाहिली आहेत, त्याला मातीचे, लहान, बसक्या पोटाचे आणि आखूड तोंडाचे भांडे एवढे सारे या एका शब्दात कळते. शब्द घरगुती आहे, म्हणून तो शास्त्रीय लेखनात कमी दर्जाचा ठरत नाही. ‘हँडल’साठीही ‘मूठ’ किंवा ‘दांडा’ नको; कढईला असतात तसे हे ‘कान’च आहेत, आणि त्यांच्या भोकांतून दोरी ओवून भांडे शिंक्यासारखे टांगता येत असे.

‘नक्षीदार’विषयी थोडे अधिक लिहितो, कारण येथे खरी अडचण आहे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी 1894-95 मध्ये नकादा येथे उत्खनन केल्यानंतर तेथील भांड्यांचे जे वर्ग पाडले, त्यांतील एकाचे नाव ‘डेकोरेटेड’ आहे. त्यावरूनच ‘नक्षीदार’ हा शब्द सुचतो; पण ‘नक्षी’ कोरलेलीही असू शकते. येथे मात्र वाळवंटाच्या कडेच्या, भाजल्यावर फिकट पिवळसर होणाऱ्या चुनखडीयुक्त मातीचे भांडे चाकाशिवाय हाताने घडवून त्यावर काव किंवा गेरूसारख्या रंगाने चित्रे काढलेली असतात. महाराष्ट्रातील जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन स्थळी सापडलेल्या भांड्यांमुळे मराठी पुरातत्त्वलेखनात रुळलेला ‘चित्रित’ हा शब्द म्हणून अधिक नेमका आहे. फक्त एक दक्षता घ्यावी : त्याच प्रदेशातील आधीच्या काळात लाल भांड्यांवर पांढऱ्या रेघांनी चित्रे काढत, आणि पेट्री यांनी त्यांचा वर्ग वेगळा मानला आहे. त्यामुळे पहिल्या उल्लेखात ‘पिवळसर मातीचे, तांबड्या रंगाने चित्रित बोळके’ असे पूर्ण लिहावे आणि पुढे नुसते ‘चित्रित बोळके’ म्हणावे.